गुरुजींची संघटना: फोकानिया मदरशापासून बदली पोर्टलपर्यंत

मराठवाड्यात शिक्षकांची संघटना उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने उशिरा उभी राहिली. त्याचे कारण शिक्षकांच्या स्वभावात नाही, इथल्या जुन्या राज्यव्यवस्थेत आहे. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातले जवळा बाजार १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात. संस्थानातल्या शाळांच्या पायऱ्यांना तहतानिया, वस्तानिया आणि फोकानिया अशी नावे होती: प्राथमिक, माध्यमिक आणि हायस्कूल. वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू होते आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला पुढे शिकायचे तर आधी परकी भाषा आत्मसात करावी लागे, आणि मराठी बोलणाऱ्या माणसाला शिक्षक व्हायचे तरी तेच करावे लागे. त्यात ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाने जाहीर सभेला सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली होती, आणि खासगी शाळा काढायलाही परवानगी लागत होती. जिथे कीर्तन-व्याख्यानावरही पोलिसांची नजर असे, तिथे शिक्षकांनी एकत्र बसून पगारवाढीचा ठराव करणे शक्यच नव्हते.

ब्रिटिश अमलाखालच्या मराठी मुलखात शिक्षकाच्या पगाराचा विचार बराच आधी मांडला गेला होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी गावच्या शिक्षकाबद्दल दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. शिक्षक शेतकरी वर्गातून, नांगराला हात लावायला न लाजणारे असे तयार करावेत, आणि प्रशिक्षित शिक्षकाचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा. शिक्षक कोण असावा आणि त्याला किती द्यावे, हे दोन्ही प्रश्न फुल्यांनी एकाच दमात विचारले. पुढच्या शंभर वर्षांत शिक्षक संघटनांनी मात्र बहुधा दुसरा प्रश्न हाती घेतला आणि पहिला इतरांवर सोडला. या इतिहासातला सगळ्यात मोठा ताण इथूनच निघतो.

मराठवाड्यात संघटनेचे पहिले संस्कार आले ते राष्ट्रीय शाळांतून. हिप्परगा, अंबाजोगाई, सेलू इथल्या शाळा मराठीतून शिकवत होत्या आणि शिक्षकांना राजकारणाची दीक्षाही देत होत्या. हिप्परग्याच्या शाळेत मुख्याध्यापक असलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, त्याआधी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करून आले होते. जोशी स्वतः काही वर्षे शिक्षक होते आणि १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटना स्थापन करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. १९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईला आले आणि तिथल्या शाळेतून कार्यकर्त्यांची एक पिढी तयार झाली. मुंबईच्या कामगार चळवळीतली शिस्त, म्हणजे ठराव, इतिवृत्त, वर्गणी आणि निवडून आलेला पदाधिकारी, मराठवाड्यात शाळेच्या वाटेने शिरली. पण या शाळांतला शिक्षक अल्प मानधनावर देशकार्य म्हणून राबत होता. त्यागाच्या या वातावरणात पगार मागणे हलके मानले जाई, आणि हा संकोच पुढे खासगी संस्थांमध्ये संस्थाचालकांच्या पथ्यावर पडला.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपल्यानंतर शाळांचे माध्यम मराठी झाले. उर्दूत शिकलेल्या आणि शिकवलेल्या अनेक शिक्षकांना मधल्या वयात लिपीसह सगळे बदलावे लागले. त्यांच्या वतीने बोलणारी संघटना त्या वेळी नव्हती. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शिक्षक परभणी जिल्हा परिषदेचा कर्मचारी झाला. मराठवाड्याचे एक वेगळेपण इथे दिसते. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कुले प्रामुख्याने खासगी संस्थांची होती, तर निजामाच्या काळात ती सरकारी असल्यामुळे मराठवाड्यात जिल्हा परिषदांकडेही हायस्कुले आली. गावोगावी दिसणारी ‘जिल्हा परिषद प्रशाला’ ही पाटी त्याच वारशाची खूण आहे.

यामुळे जवळा बाजारसारख्या बाजारगावाच्या पंचक्रोशीत शिक्षक म्हणवणाऱ्यांचे मालक वेगवेगळे झाले. प्राथमिक शाळेचे गुरुजी जिल्हा परिषदेचे, प्रशालेचे सरही जिल्हा परिषदेचे पण वेगळ्या संवर्गातले, खासगी हायस्कूलचे सर संस्थेचे, आणि आश्रमशाळेतले आणखी वेगळ्या खात्याचे. संघटनाही त्याच रेषांवर उभ्या राहिल्या. प्राथमिक शिक्षक संघ आणि शिक्षक समिती यांनी जिल्हा परिषदेच्या गुरुजींना धरले. मराठवाडा शिक्षक संघाचा पाया माध्यमिक आणि खासगी शाळांत राहिला. राज्यघटनेच्या कलम १७१ ने या भेदावर शिक्कामोर्तब केले. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मत देण्याचा अधिकार माध्यमिक आणि त्यावरच्या शाळांत किमान तीन वर्षे शिकवणाऱ्यांनाच आहे. महाराष्ट्राच्या विधान परिषदेतल्या ७८ पैकी ७ जागा शिक्षकांच्या. औरंगाबाद विभागाची जागा साऱ्या मराठवाड्याची, पण ज्यांची संख्या सर्वांत मोठी त्या प्राथमिक शिक्षकांना तिथे मत नाही. त्यामुळे हायस्कूलच्या शिक्षकांचा प्रश्न सभागृहात विचारला जाई, तर प्राथमिकच्या गुरुजींना तो जिल्हा परिषद सदस्याच्या ओट्यावर न्यावा लागे.

खासगी शाळांतली परिस्थिती सर्वांत बिकट होती. पूर्ण रकमेवर सही आणि हातात निम्मा पगार, नेमणुकीच्या वेळीच तारीख न घालता लिहून घेतलेला राजीनामा, उन्हाळी सुटीआधी सेवा संपवून जूनमध्ये पुन्हा नेमणूक, हे प्रकार साठ-सत्तरच्या दशकांत इतके सर्रास होते की शिक्षक त्यांना रीत समजू लागले होते. माध्यमिक शाळा संहितेत सेवाशर्ती लिहिलेल्या होत्या, पण ती संहिता म्हणजे अनुदानाच्या अटी. तिच्या जोरावर शिक्षकाला न्यायालयात हक्क सांगणे कठीण जाई. अनुदान बंद करण्याची धमकी संस्थेला देता येई, पण त्याचा चटका आधी शिक्षकालाच बसे.

डिसेंबर १९७७ मध्ये राज्यातल्या सरकारी व निमसरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. केंद्राइतका महागाई भत्ता ही मुख्य मागणी होती, र. ग. कर्णिक हे नेते होते, आणि संप ५४ दिवस चालला. शिक्षकही त्यात उतरले. दोन महिने पगार नाही, आणि गावात दुकानदाराची उधारी वाढत चाललेली. अशा वेळी वर्गणीतून उभा केलेला निधी आणि शिक्षकांच्या पतसंस्था किती उपयोगाच्या, हे त्या पिढीला कळले. मराठवाड्यातल्या पतसंस्थांकडे केवळ कर्ज देणारी पेढी म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. संप टिकवण्याची ताकद तिथे साठत होती.

त्याच सुमारास महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ मंजूर झाला. त्याची नियमावली होऊन तो १५ जुलै १९८१ पासून अमलात आला. शिक्षक त्याला ‘एमईपीएस’ म्हणतात. या कायद्याची कलमे वाचली की आधी काय चालत होते याचे चित्र आपोआप उभे राहते. राजीनाम्याचे पत्र दोन प्रतींत असावे, दोन्हींवर सही आणि तारीख असावी, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टाने पाठवावी आणि दुसरी शिक्षकाने जवळ ठेवावी, असे कलम ७ सांगते. कोऱ्या तारखेच्या राजीनाम्याला दिलेले हे उत्तर होते. कायम रिक्त जागेवर नेमलेल्याचा परिवीक्षा काळ दोन वर्षांचा, आणि तो समाधानकारक पार पडला की कायम मानण्याची तरतूद. जून-एप्रिलच्या नेमणुकांना हे उत्तर. बडतर्फ किंवा पदावनत केलेल्याला तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येऊ लागले.

नियमावलीतली सर्वांत दूरदर्शी तरतूद चौकशी समितीची आहे. शिक्षकावर आरोप झाला तर चौकशी तिघांनी करायची: एक व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून निवडलेला सदस्य, आणि एक खुद्द आरोपी कर्मचाऱ्याने कोणत्याही खासगी शाळेच्या कर्मचाऱ्यांतून नेमलेला. या तिसऱ्या जागेमुळे संघटनांपुढे नवे काम उभे राहिले. प्रत्येक तालुक्यात आरोपपत्र वाचू शकणारा, साक्षीदाराला प्रश्न विचारू शकणारा, इतिवृत्तावर हरकत नोंदवू शकणारा आणि संस्थाचालकासमोर आवाज न चढवता ठाम राहणारा एक तरी शिक्षक हवा झाला. असे लोक वकिलीच्या पदवीशिवाय, एकमेकांच्या प्रकरणांतून शिकत तयार झाले. कायदा लागू झाला त्याच वर्षी, ऑगस्ट १९८१ मध्ये, औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. त्याआधी जवळा बाजारच्या शिक्षकाला वरच्या न्यायालयात दाद मागण्यासाठी मुंबई गाठावी लागली असती.

न्यायाधिकरणाचा हा मार्ग खुला होणे किती महत्त्वाचे होते ते १९८८ मध्ये दिसले. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शाळा ‘उद्योग’ असली तरी शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नाही. शिकवणे हे अंगमेहनतीचे, कारकुनी वा तांत्रिक काम नव्हे. त्यामुळे गिरणी कामगाराला मिळणारे समेट अधिकारी आणि कामगार न्यायालय शिक्षकाला बंद झाले. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांतल्या शिक्षकांपाशी निदान स्वतःचे न्यायाधिकरण होते. या निकालाचा दुसरा अर्थही संघटनांना उमगला. सौदा करण्याचे कायदेशीर चौकटीतले टेबल शिक्षकाला मिळणार नाही. त्याला ते प्रत्येक वेळी स्वतः मांडावे लागेल. १९६६ च्या आयएलओ-युनेस्को शिफारशीत शिक्षकांच्या वेतन व सेवाशर्ती त्यांच्या संघटनांशी वाटाघाटी करून ठरवाव्यात असे म्हटले आहे, पण ती शिफारस आहे, कायदा नव्हे.

म्हणून मराठवाड्यातल्या संघटनांत वाटाघाटीचे शिक्षण मुख्यतः कागदाचे शिक्षण झाले. अधिवेशन आणि मोर्चा लोकांना दिसतो. खरी शाळा असते ती जिल्हा शाखेच्या बैठकीत. नवा पदाधिकारी आधी शासन निर्णय वाचायला शिकतो: तारीख, संदर्भ क्रमांक, ‘वाचा’खाली दिलेले जुने निर्णय, आणि शेवटच्या परिच्छेदातली वित्त विभागाची सहमती. मग निवेदन लिहायला. निवेदनात दहा मागण्या घातल्या तर अधिकारी सोप्या दोन मान्य करून बैठक संपवतो, म्हणून मुरलेला सरचिटणीस स्थानिक पातळीवर सुटू शकणाऱ्या मागण्या वेगळ्या काढतो आणि धोरणात्मक मागण्या राज्य शाखेकडे धाडतो. बैठकीचे इतिवृत्त अधिकाऱ्याच्या सहीने मिळेपर्यंत पाठपुरावा करायचा, कारण तोंडी आश्वासन बदलीबरोबर निघून जाते. सेवापुस्तिकेतल्या नोंदी, वेतननिश्चिती, भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या, वैद्यकीय देयके, रजा रोखीकरण या सगळ्यात एखाद्या गुरुजीचे हजारो रुपये अडकलेले असतात, आणि ते सोडवून देणारा माणूसच पुढच्या निवडणुकीत मते मिळवतो.

‘चटोपाध्याय’ हा शब्द याचे बोलके उदाहरण आहे. डी. पी. चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शिक्षक आयोगाने १९८३ ते १९८५ मध्ये शिक्षकांच्या प्रश्नांचा विचार केला. पदोन्नतीच्या जागा कमी म्हणून बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी मिळू लागली, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत वरिष्ठ श्रेणीला आयोगाच्या अध्यक्षांचेच नाव पडले. गुरुजी एकमेकांना ‘चटोपाध्याय लागली का?’ असे विचारतात. निवड श्रेणी मात्र वरिष्ठ श्रेणीतल्या वीस टक्के पदांपुरतीच आहे, आणि ही मर्यादा काढून टाकण्याची मागणी निवेदनांतून वर्षानुवर्षे पुढे सरकत आली आहे.

समतेचा प्रश्न संघटनांत बाहेरून नव्हे, तर वगळलेल्या सभासदांकडून आला. राखीव जागा कायद्याने होत्या, पण त्या भरल्या जातात की नाही हे कळते बिंदुनामावलीवरून. कोणत्या बिंदूवर कोणत्या प्रवर्गाचा उमेदवार नेमायचा, अनुशेष किती, पदोन्नतीत कोण डावलला गेला, हे सगळे त्या नोंदवहीत असते आणि ती विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून, म्हणजे ‘मावक’कडून, तपासून घ्यावी लागते. प्रस्थापित संघटनांच्या नेतृत्वात ज्या समाजांचा वरचष्मा होता त्यांना ही वही उघडण्याची घाई नव्हती. म्हणून मागासवर्गीय कर्मचारी कास्ट्राईब महासंघाकडे वळले. या नावातच ‘कास्ट’ आणि ‘ट्राइब’ एकत्र आहेत. महासंघाच्या शिक्षक शाखांनी बिंदुनामावली, जात पडताळणी आणि पदोन्नतीतले आरक्षण हे विषय हाती घेतले, आणि त्यामुळे इतर संघटनांनाही ते आपल्या मागणीपत्रात घ्यावे लागले. वेगळी संघटना म्हणजे फूट, असा आरोप त्या काळी झाला. इतिहास पाहता तो टिकत नाही: वेगळी चूल मांडल्याशिवाय या मागण्या कुणाच्या पंगतीत वाढल्याच गेल्या नसत्या.

जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. जानेवारी १९९४ मध्ये नामविस्तार होईपर्यंतच्या जवळपास सोळा वर्षांत शिक्षक आणि प्राध्यापकही दोन्ही बाजूंना विभागलेले राहिले. ५४ दिवसांच्या संपात एकत्र बसलेली माणसे काही महिन्यांतच एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. पगाराच्या प्रश्नावर बांधलेली एकजूट जातीच्या प्रश्नावर आपोआप टिकत नाही, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले.

हिंगोली परिसरात भाषेचे आणि समाजांचे वैविध्य दाट आहे. उर्दू माध्यमाच्या शाळांना स्वतःचे विषयशिक्षक, पाठ्यपुस्तके आणि पदोन्नतीची वेगळी साखळी लागते. उर्दू शिक्षकांच्या संघटनांनी ते प्रश्न लावून धरले. आंध ही या भागातली मोठी अनुसूचित जमात, आणि कळमनुरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. बंजारा तांड्यांवरची मुले घरी गोरमाटी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. अशा वाड्या-तांड्यांसाठी २००० नंतर वस्तीशाळा निघाल्या. तिथे शिकवणाऱ्यांना ‘निमशिक्षक’ म्हणत, आणि मानधन इतके तुटपुंजे की मजुरीशी तुलना व्हावी. यांना सभासद करून घ्यायचे की नाही यावर संघटनांत मतभेद होते, कारण ते डी.एड. नव्हते. त्यांनी स्वतःची संघटना करून लढा दिला, सेवेत असताना पदविका घेतली, आणि २०१४ मध्ये जिल्हा परिषदेच्या सेवेत सामावले गेले.

स्त्री-शिक्षकांची संख्या वाढली तरी पदाधिकाऱ्यांच्या यादीत त्यांचे स्थान ‘महिला आघाडी’पुरते राहिले. बैठका संध्याकाळी, जिल्ह्याच्या ठिकाणी आणि लांबत जाणाऱ्या. एसटीने परतणाऱ्या शिक्षिकेला त्या परवडत नसत. तरीही काही मागण्या त्यांच्याच रेट्याने पुढे आल्या. जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. बदल्यांतही मोठा फरक पडला. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा झाला, तेव्हा शिक्षकांची विभागणी आणि ज्येष्ठतेच्या नव्या याद्या यांवर दोन्हीकडचे पदाधिकारी झिजले. पुढची वर्षे समुपदेशनाने बदल्या होत, आणि ज्याची ओळख त्याला रस्त्यावरची शाळा अशी कुजबूज असे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्या संगणकावर नेल्या. विशेष संवर्ग एकमध्ये गंभीर आजारी, अपंग, विधवा, परित्यक्ता यांना प्राधान्य मिळाले. संवर्ग दोनमध्ये तीस किलोमीटरपेक्षा दूर नोकरी करणाऱ्या पती-पत्नींना. पोहोचायला कठीण शाळांचे ‘अवघड क्षेत्र’ कोणते, याची व्याख्या ठरवताना संघटनांनी शाळांच्या याद्या तपासल्या. या पद्धतीने अनेक पुढाऱ्यांचे वजन कमी केले, आणि ते बरेच झाले.

याच काळात नोकरीचाच पाया पातळ होत गेला. २००० पासून नवा शिक्षक तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ असतो. प्राथमिकला आधी ३,००० रुपये, मग ६,००० आणि २०२३ पासून १६,००० रुपये मानधन. २००१ च्या धोरणाने ‘कायम विनाअनुदानित’ शाळा आल्या, आणि २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द निघाला तरी टक्क्याटक्क्याने अनुदान मिळेपर्यंत अनेकांची उमेदीची वर्षे बिनपगारी गेली. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू झाली नाही. एकाच शिक्षक खोलीत आता पाच प्रकारचे शिक्षक बसतात आणि काम सगळ्यांचे सारखेच असते. १४ ते २० मार्च २०२३ च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत जुन्या योजनेतले ज्येष्ठही रस्त्यावर आले. स्वतःला काही मिळणार नसताना त्यांनी पगारकपातीचा धोका पत्करला.

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेत पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. त्यात २०१३ पूर्वी नेमलेले, तेव्हाच्या पात्रतेनुसार कायम झालेलेही आले. संघटनांनी पुनर्विचाराची मागणी केली. जिल्हा शाखांत नेमणुकीच्या तारखांनुसार सभासदांच्या नव्या याद्या तयार होऊ लागल्या, आणि पंचवीस वर्षे शिकवलेले गुरुजी आपल्याच माजी विद्यार्थ्यांसोबत परीक्षेचा अर्ज भरू लागले.